उपचार पायाचा, आरंभ मानेपासून

दरवर्षी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये हत्तीरोगाचे नाव एकदा झळकून जाते. 10 फेब्रुवारीला सामुदायिक औषधोपचाराची मोहीम सुरू होते, ऑगस्टमध्ये तिची दुसरी फेरी येते. किती जिल्हे, किती लोकसंख्या, किती गोळ्या यांचे आकडे प्रसिद्ध होतात आणि 2027 पर्यंत निर्मूलन करण्याच्या राष्ट्रीय उद्दिष्टाची आठवण करून दिली जाते. जागतिक मुदत 2030 ची असताना आपण तीन वर्षे आधीची तारीख स्वीकारली, ही धाडसाची गोष्ट आहे. 2019 मध्ये तीन औषधांची एकत्रित मात्रा आपल्या नागपूर जिल्ह्यात दिली गेली, तेव्हा वैदर्भीय म्हणून मला अभिमानही वाटला होता.

पण या वार्तांमध्ये एक माणूस कधीच नसतो. ज्याचा पाय आधीच सुजलेला आहे, तो. गोळी रक्तातील सूक्ष्मकृमी मारते, डासामार्फत होणारा प्रसार तोडते. एकदा हत्तीच्या पायासारखा झालेला पाय ती उतरवत नाही. मग त्या पायाचे काय करायचे? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर एखाद्या परिसंवादात मिळाले नाही. ते तिरुप्पनंदाळ येथे, एका घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, सकाळी सहा वाजता मिळाले.

तिरुप्पनंदाळ हे कुंभकोणम्‌च्या ईशान्येला, कोळ्ळिडम नदीच्या अलीकडे वसलेले गाव. गावाच्या नावातच ताडाचे झाड आहे आणि येथील शिवमंदिराचा स्थलवृक्षही ताडच. काशीमठ नावाचा मोठा शैव मठ येथे आहे. भोवती कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती, कालवे आणि पाणी. माझ्या संस्थेतील एका मैत्रिणीचे हे गाव. तिचे घराणे तंजावूरच्या मराठी लोकांपैकी. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावूरला राज्य स्थापले, त्यानंतर तेथे जाऊन राहिलेल्या कुटुंबांच्या घरात मराठी अजून बोलली जाते. मैत्रिणीच्या आईला मी मावशी म्हणू लागले. मावशींच्या मराठीची लय तमिळ आणि स्वयंपाकघरातील निम्मे शब्दही तमिळ. तरी दुसऱ्या दिवसापासून आम्हाला दुभाष्याची गरज उरली नाही.

मावशींचा उजवा पाय सुजलेला आहे. गेली बावीस वर्षे.

त्या सकाळी त्या ओट्यावर बसल्या. शेजारी कोमट पाण्याची बादली, साबण, स्वच्छ पंचा. पाय धुतला, आणि मग बोटांच्या बेचक्यांतून पंच्याचे टोक फिरवून प्रत्येक बेचके कोरडे केले. यातच दहा मिनिटे गेली. त्यानंतर त्या पायाला हात लावतील असे मला वाटले होते. त्यांनी दोन्ही हात गळ्याशी नेले. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात बोटांची पेरे ठेवून त्यांनी त्वचा अगदी हलकेच, गोलाकार सरकवायला सुरुवात केली. मग पोटावर हात ठेवून दहा-बारा खोल श्वास. मग काखेत. मग जांघेत. मांडीपर्यंत हात पोहोचायला बराच वेळ लागला, आणि सुजलेल्या पावलाची पाळी सर्वांत शेवटी आली.

मी विचारले, “मावशी, पाय दुखतो आणि तुम्ही मान चोळता?”

त्या म्हणाल्या, पुढची वाट मोकळी नसेल तर मागची गाडी कशी हलेल?

माझी पीएच.डी. सूक्ष्म नलिकांतील द्रवप्रवाहावर आहे. हे वाक्य माझ्या प्रबंधात असायला हवे होते.

शरीरात रक्ताबरोबर आणखी एक द्रव वाहतो, तो म्हणजे लसिका. केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातील पाणी आणि थोडी प्रथिने सतत ऊतींमध्ये झिरपतात. 1896 मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी या झिरपण्यामागचा दाबांचा तोल मांडला. पुढे अनेक दशके आपण असे शिकलो की झिरपलेल्या द्रवापैकी बहुतेक भाग केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाशी परत शोषला जातो आणि उरलेला थोडासा लसिकावाहिन्या नेतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत अजूनही बहुधा हेच चित्र आहे. 2010 मध्ये लेव्हिक आणि मिशेल यांनी साठलेल्या पुराव्याची फेरमांडणी केली. बहुतेक ऊतींमध्ये असे सातत्याने परत शोषण होत नाही आणि झिरपलेला जवळजवळ सर्व द्रव लसिकामार्गानेच परततो, असा तिचा निष्कर्ष होता. मार्ग दुय्यम नसून मुख्य आहे, हे एकदा ध्यानात आले की तो अडल्यावर पायाचे काय होत असेल ते कळते.

हा सगळा प्रवाह शेवटी गळ्याच्या तळाशी रिकामा होतो. दोन्ही पाय, पोट आणि शरीराची डावी वरची बाजू यांतील लसिका एका मोठ्या वाहिनीतून डाव्या कॉलरबोनच्या मागे शिरेत उतरते. मावशींची बोटे नेमकी तिथेच होती. खोल श्वासाने छातीतील दाब कमी-जास्त होतो आणि त्या मोठ्या वाहिनीला चोषण मिळते, म्हणून श्वास. डेन्मार्कचे एमिल आणि एस्त्रिद व्होडर हे दांपत्य 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये सर्दीने बेजार झालेल्या रुग्णांच्या मानेतील सुजलेल्या ग्रंथींवर हलक्या हाताने उपचार करीत असे. 1936 मध्ये त्यांनी आपली पद्धत पॅरिसमध्ये मांडली. तिचा आरंभही मानेपासूनच होतो. पुढे जर्मनीत मिखाएल फ्यॉल्डी यांनी तिला पट्टीबंधन, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड दिली, आणि त्या चौकडीला आज जगभर लसिकासूजेवरील प्रमाण उपचार मानले जाते.

आता माझी गोष्ट. माझ्या आजीचाही पाय असाच होता. वर्धा जिल्ह्यातील आमच्या खेड्यात रात्री जेवणे झाल्यावर आरोग्य खात्याचे लोक बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायला येत. रात्रीच का येतात, हे तेव्हा कुणी सांगितले नाही. या कृमीची पिल्ले दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळी, बाहेरच्या रक्तात येतात. या रोगाचा डासाशी असलेला संबंध पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 मध्ये चीनमधील अमॉय येथे शोधला. आमच्याकडे एवढेच ठाऊक होते की आजीचा पाय ‘वाताने’ फुगला आहे आणि तेल लावून रगडला की तिला बरे वाटते. ते काम माझे होते. शाळेतून आल्यावर मी तिळाचे तेल कोमट करून आणीत असे आणि अंगठ्यांनी, घोट्यापासून वर, मग वरून खाली, जीव काढून पाय रगडीत असे. “अजून जोरानं दाब वं पोरी,” आजी म्हणायची. मी दाबायची. दर दोन-तीन महिन्यांनी तिला थंडी वाजून ताप भरायचा, पाय लाल व्हायचा, आणि प्रत्येक तापानंतर तो पहिल्यापेक्षा थोडा अधिक जाड राहायचा. त्या तापातही आम्ही पाय रगडतच होतो.

तिरुप्पनंदाळला मावशींच्या हाताचा दाब पाहून मी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा मागून घेतला. वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी जरूर करावा. काट्यावर चार बोटांची पेरे ठेवून मावशींसारखे दाबले तर काटा सुमारे 200 ग्रॅम दाखवतो. पेरांचे एकत्रित क्षेत्रफळ 6 चौरस सेंटिमीटर धरले तर दर चौरस सेंटिमीटरला 33 ग्रॅम, म्हणजे साधारण 25 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. मग मी आजीच्या पायाला लावायचे तसे अंगठ्याने दाबले. तीन किलो. अंगठ्याचे टोक 3 चौरस सेंटिमीटरचे. हिशेब केला तर दाब 700 मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला. हा पृष्ठभागावरचा दाब आहे, आत तो पसरतो आणि घटतो. तरी दोन हातांमधील फरक पंचवीस-तीस पटींचा होता.

हा फरक महत्त्वाचा आहे. लसिकामार्गाची सुरुवात त्वचेखाली बोथट टोकांच्या अतिसूक्ष्म नलिकांनी होते. त्यांच्या भिंतीतील पेशींच्या कडा कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि बारीक तंतूंनी भोवतालच्या ऊतीला बांधलेल्या असतात. त्वचा हलकी ताणली की तंतू ओढले जातात, कडा उघडतात आणि द्रव आत शिरतो. ताण सोडला की त्या मिटतात. म्हणजे हाताने द्रव ‘पिळून’ काढायचा नसतो. दार उघडायचे आणि मिटू द्यायचे, एवढेच काम असते, आणि ते सावकाश करावे लागते. प्रागमधील शरीररचनाशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये कुत्र्यांच्या आणि माणसांच्या सुजलेल्या पायांवर 70 ते 100 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने मर्दन करून नंतर ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. काही मिनिटांतच लसिकावाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झालेली दिसली. हा शोधनिबंध मी मावशींच्या घरी, रात्री मोबाइलवर वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. आजीचा पाय माझ्या हातांमुळे वाढला, असे मी म्हणणार नाही. कृमी आणि वारंवारचा जंतुसंसर्ग यांचा वाटा निःसंशय मोठा होता. पण माझा वाटा शून्य होता असेही मला म्हणता येत नाही.

आता थोडे भौतिकशास्त्र, कारण इथे ते खरोखर उपयोगी पडते. सुमारे 0.1 मिलिमीटर व्यासाच्या नलिकेतून सेकंदाला 1 मिलिमीटर वेगाने जाणाऱ्या द्रवाचा रेनॉल्ड्स अंक 0.1 च्या आसपास येतो. अशा प्रवाहात जडत्वाला काही किंमत नसते. ढकलणे थांबले की द्रव त्याच क्षणी थांबतो. ढकलून पुन्हा त्याच वाटेने मागे ओढले तर तो पुन्हा मूळ जागी येतो, मग तुम्ही पुढे वेगाने गेलात की सावकाश, याने फरक पडत नाही. एडवर्ड पर्सेल यांनी 1977 मध्ये सूक्ष्मजीवांच्या पोहण्याबद्दल हेच सांगितले होते: शिंपल्यासारखी नुसती उघडझाप करणारा जीव त्या जगात जागचा हलू शकत नाही. मग वरखाली रगडून लसिका पुढे कशी सरकेल? ती सरकते ती झडपांमुळे. मोठ्या लसिकावाहिन्यांत थोड्या थोड्या अंतरावर एकदिशा झडपा असतात. दोन झडपांमधला प्रत्येक खंड मिनिटाला काही वेळा स्वतःहून आकुंचन पावतो, जणू लहानसे हृदयच. उभ्या माणसाच्या घोट्याशी द्रवस्तंभाचा दाब सुमारे 90 मिलिमीटर पाऱ्याइतका असू शकतो. झडपा त्या उंच स्तंभाचे लहान लहान तुकडे करतात, म्हणून तो पेलता येतो.

हत्तीरोगाचा प्रौढ कृमी नेमका याच वाहिन्यांत काही वर्षे घर करतो. वाहिनी रुंदावते. रुंद झालेल्या वाहिनीत झडपेच्या पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत, आणि न मिटणारी झडप म्हणजे झडप नसल्यासारखेच. कृमी मेला तरी रुंदावलेली वाहिनी सहसा पूर्ववत होत नाही. त्यामुळे हाताने वर नेलेला द्रव, हात उचलताच आणि माणूस उभा राहताच, परत खाली उतरतो. मर्दनाबद्दलचा सगळा वाद, मला वाटते, या एका वाक्यात सामावतो. हात द्रवाला हलवतो, यात आता शंका नाही. ह्यूस्टनमधील संशोधकांनी 2011 मध्ये अवरक्ताजवळच्या प्रकाशात चमकणारे द्रव्य टोचून लसिकेचे ठिपके सरकताना प्रत्यक्ष पाहिले, आणि हलक्या मर्दनानंतर त्यांचा वेग सुमारे एक-चतुर्थांशाने वाढला. प्रश्न उरतो तो हात उचलल्यानंतरचा.

त्याचे उत्तर पट्टीत आहे. मर्दन संपताच मावशी उठत नाहीत. पाय वर ठेवूनच त्या पावलापासून पट्टी बांधायला घेतात. हे पाहून मला माझे ज्ञान दाखवण्याची संधी मिळाली. लाप्लासच्या नियमानुसार पट्टीचा दाब तिच्या ताणाच्या सम प्रमाणात आणि अवयवाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. निरोगी पायाचा घोटा 22 सेंटिमीटर आणि पोटरी 36 सेंटिमीटर घेराची धरली, तर एकाच ताणाने बांधलेली पट्टी घोट्याला पोटरीपेक्षा 1.6 पट अधिक दाबते. खाली अधिक, वर कमी. म्हणजे द्रव आपोआप वर जाणार. “ताण सगळीकडे सारखा ठेवा, बाकीचे भूमिती पाहून घेईल,” असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. मावशींनी पाय माझ्यासमोर धरला. त्यांचा घोटा पोटरीइतकाच जाड होता, आणि पावलाच्या वर चरबट मांसाची एक वळी होती. तिच्या खालच्या खाचेत त्रिज्येचे चिन्हच उलटते, म्हणजे तिथे पट्टीचा दाब जवळजवळ नाहीच. त्या खाचेत त्या जुन्या गादीतला फोम कापून केलेला तुकडा बसवतात, आकार गोल करून घेतात, आणि मग पट्टी गुंडाळतात. खालच्या भागात थर अधिक, वर कमी. लाप्लास त्यांना ठाऊक नव्हता, पण माझ्यापेक्षा त्यांनी तो अचूक वापरला होता.

मग मर्दनाचे श्रेय किती? येथे माझ्या व्यवसायाची सवय आड येते, आणि येऊ द्यावी. हत्तीरोगाच्या पायांवरील चाचण्या थोड्या आहेत. स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला येणाऱ्या लसिकासूजेवर अधिक आहेत. दोन्हींत कारण वेगळे, अडथळा सारखाच. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात असे दिसते की नुसत्या पट्टीबंधनाने सूज 30 ते 38.6 टक्के उतरली आणि मर्दनाची जोड दिल्यावर आणखी सुमारे 7 टक्क्यांची भर पडली. उपचार सुरक्षित ठरला, पण मोठा वाटा पट्टीचा. पाठदुखीबद्दलचा त्याच वर्षीचा आढावा 25 चाचण्या आणि 3096 रुग्णांचा होता. तेथे मर्दनाने थोड्या काळापुरती वेदना कमी झाली, परंतु पुराव्याचा दर्जा इतका कमी होता की आढावा घेणाऱ्यांना त्याच्या परिणामकारकतेबद्दल फारच थोडा विश्वास वाटला. मर्दनाने स्नायूंतील ‘लॅक्टिक आम्ल’ बाहेर जाते, ही लाडकी समजूत 2012 मध्ये कॅनडातील एका प्रयोगाने खोटी ठरवली. व्यायामाने दमवलेल्या अकरा तरुणांच्या मांडीतील स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा दाहाशी संबंधित रेणू कमी झालेले आढळले. आम्लाच्या पातळीत मात्र बदल नव्हता. स्पर्शाने बरे वाटते, हे खरेच आहे. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर आहे, आणि ‘वैद्यकीय मसाज’ या फलकाखाली बसलेले पुष्कळ लोक त्याच अंतरावर आपली उपजीविका चालवतात.

मावशींना त्याचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका मसाज केंद्राने पाय ‘मुळापासून’ उतरवून देण्याचे वचन देऊन चाळीस दिवसांचे पैसे आगाऊ घेतले. केंद्राचे नाव लिहीत नाही. तेथेही मी रगडायची तसेच रगडले गेले. अकराव्या दिवशी ताप आला, तरी बारावा दिवस चुकवू नका असे त्यांना सांगण्यात आले. हे निव्वळ अज्ञान नसून घातक अज्ञान आहे. ताप, लाली आणि ठणका असताना मर्दन थांबवायचे आणि आधी डॉक्टरांकडे जाऊन प्रतिजैविके घ्यायची. पोटरीतील शिरेत रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल, हृदय नीट काम करीत नसेल, तरीही थांबायचे. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य कुणी उच्चारले की मी आता सावध होते.

शेवटी मुलीने त्यांना केरळात नेले. कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी या संस्थेत डॉ. एस. आर. नरहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संमिश्र उपचारपद्धती घडवली आहे. ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ टेरेन्स रायन यांचा तिला दीर्घ काळ हातभार होता. धुणे आणि कोरडे करणे, औषधी फांटात पाय बुडवणे, श्वासासह योगासने, लसिकेच्या दिशेने जाणारे ‘भारतीय’ हलके मर्दन, आणि पट्टी. मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट ही की त्यांनी आयुर्वेदाची पूजाही केली नाही आणि त्याला हाकलूनही दिले नाही. कोणती औषधी, कोणत्या दिशेने हात, किती घेर कमी झाला, हे त्यांनी नोंदवले आणि प्रसिद्ध केले. पुढे हाच उपचार त्यांनी दवाखान्याबाहेर, केरळातील आलप्पुळा आणि आपल्या सीमेला लागून असलेल्या गुलबर्गा या दोन जिल्ह्यांत गावपातळीवर नेला. रुग्णाला शिकवायचे आणि घरी पाठवायचे, हा त्याचा कणा. दोष काढायचा तर एकच: पाच गोष्टी एकत्र दिल्यावर कोणत्या गोष्टीने किती काम केले हे सांगता येत नाही. हा आक्षेप मी मावशींसमोर मांडला. त्यांनी विचारले, “सांबारात मीठ किती आणि चिंच किती, हे खाणाऱ्याला कळायलाच हवं का?” करणाऱ्याला कळायला हवे, असे मी म्हणाले. ते त्यांनी मान्य केले.

माझ्या मते या पाच गोष्टींत सर्वांत कमी बोलली जाणारी आणि कदाचित सर्वांत परिणामकारक गोष्ट ती पहिली दहा मिनिटे आहेत. ब्राझीलमधील रेसिफे येथे जेरूसा ड्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पाय वाढवणारे ते ताप कृमींमुळे नव्हे, तर बोटांच्या बेचक्यांतील भेगांमधून शिरणाऱ्या जीवाणूंमुळे येतात. साबण, पाणी आणि कोरडा पंचा. तुंबलेल्या, प्रथिनयुक्त द्रवात जीवाणूंची चैन होते. प्रत्येक ताप उरलेल्या वाहिन्यांपैकी काही जाळून जातो. आजीच्या बेचक्यांत मी रोज तेल सोडायची, आणि ती कधी पुसली नाहीत.

हा रोग या भूमीला नवा नाही. जुन्या, साठलेल्या पाण्याच्या आणि सदा गार असणाऱ्या प्रदेशांत श्लीपद अधिक होतो, हे आपल्या प्राचीन वैद्यकाने नोंदवून ठेवले आहे. कुंभकोणम्‌भोवतीचा प्रदेश त्यात बसतो आणि विदर्भातील तलावांचे जिल्हेही. सरफोजीराजांनी तंजावूरला धन्वंतरी महाल उभारून देशी आणि पाश्चात्त्य वैद्यांना एकत्र बसवले, ती परंपराही येथलीच. तंजावूर वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद एस. जमाल यांनी तुंबलेली लसिकावाहिनी थेट शिरेला जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे आपले अनुभव 1981 मध्येच प्रसिद्ध केले होते. जगाने हत्तीपायाकडे पाठ फिरवलेली असताना या परिसरात कुणीतरी त्यावर काम करीत होते, हे मला आधी माहीत असायला हवे होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी मला मंदिरात नेले. पट्टी बांधलेल्या पायाने त्या माझ्या पुढे चालत होत्या. येथील शिवलिंगाची कथा त्यांनी सांगितली, ती शेक्किळार यांच्या बाराव्या शतकातील पेरियपुराणातही आहे. लिंग एका बाजूला कलले होते. राजाने हत्ती लावून ओढले, तरी ते सरळ होईना. मग गुग्गुळाच्या धुपाचे व्रत घेतलेले कुंगिलिय कलय नायनार आले. त्यांनी दोराचे एक टोक लिंगाला आणि दुसरे स्वतःच्या गळ्याला बांधले आणि ओढले, तेव्हा लिंग सरळ झाले. कथा सांगून झाल्यावर मावशी माझ्याकडे पाहून हसल्या आणि आपल्या कॉलरबोनवर दोन बोटे ठेवली. मी कथांमधून विज्ञान काढणाऱ्यांपैकी नाही, त्याचा मला रागच येतो. पण त्या वेळी मीही हसले.

परतताना त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी तीन दिवस टाळत होते. “तू शिकलेली आहेस. खरं सांग, हा पाय बरा होईल?”

मी खरे सांगितले. झडपा परत येणार नाहीत. बावीस वर्षांत आत तंतू आणि चरबी साठली आहे, ती हाताने विरघळत नाही. पट्टी सोडून दिली तर काही आठवड्यांत सूज पुन्हा चढेल. पण ताप थांबवता येतील, पाय हलका ठेवता येईल, आणि आहे त्यापेक्षा वाढू न देणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हे कासरगोडच्या डॉक्टरांनीही सांगितले होते. तू वेगळे काही सांगतेस का, ते पाहत होते.

घरी आल्यावर त्यांनी एक वही काढली. शाळेची, दोनशे पानी. दर रविवारी पाच ठिकाणचा घेर, आणि ताप आला तर तारीख. मसाज केंद्राच्या वर्षी तापाच्या सहा तारखा होत्या, गेल्या वर्षी एक. मी त्यांना सांगितले की घेर 10 टक्के कमी होतो तेव्हा पायाचा छेद 19 टक्क्यांनी कमी होतो, कारण क्षेत्रफळ घेराच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे वहीत दिसते त्याच्या जवळजवळ दुप्पट काम झाले आहे. हे ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की समासात ‘वर्ग’ असे लिहून त्यांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या. रविवार होता. टेप माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, आज तू मोज.

मी घोट्यापासून सुरुवात केली.